अँड्रोक्लीझ अँड द लायन

अँड्रोक्लीझ अँड द लायन : (म. शी. अँड्रोक्लीझ आणि सिंह). आयरिश नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६–१९५०) याच्या त्याच नावाच्या सुखात्मिकेवर आधारलेला अमेरिकन बोलपट (१९५२). निर्माता गेब्रिएल पास्काल, दिग्दर्शक चेस्टर अर्स्किन, पटकथा अर्स्किन व केन एंग्लंड, छायालेखन हॅरी स्ट्रॅडलिंग, संगीत फ्रेडरिक हॉलंडर, निर्मितिसंस्था आरकेओ. कृष्णधवल; अवधी सु. ९८ मिनिटे. प्रमुख भूमिका : अँड्रोक्लीझ–ॲलन यंग, लव्हिनिया–जीन सिमन्स, रोमन कप्तान–व्हिक्टर मॅच्युअर, फेरोव्हिअस–रॉबर्ट न्यूटन, सीझर–मॉरिस एव्हान्झ, मिजीरा–एल्सा लँचेस्टर.

सिंहाच्या पायातील काटा काढणारा माणूस आणि त्याचे उपकार स्मरून ऐन रिंगणात त्याला न मारणारा सिंह, ही जगभर परिचित असलेली कथा सु. दोन हजार वर्षांची जुनी आहे. या काळात ती प्रवासवृत्त, बोधकथा, संतचरित्र, नाटक, चित्रपट व संगीतिका अशा अनेक रूपांतून गेली. शॉने तिचा उपयोग श्रद्धा, धर्मच्छळ आणि राजसत्ता यांविषयीचे आपले विचार विनोदाच्या द्वारे मांडण्यासाठी केला. रंगभूमीवर ज्या उघड बतावणीमुळे हा विनोद खुलतो, ती बतावणी कॅमेऱ्यापुढे टिकवणे कठीण असते. चित्रपटाच्या मर्यादा व त्याचे महत्त्व या दोहोंचे मूळ येथेच आहे.

मूळ कथा : या कथेचे उपलब्ध असलेले सर्वांत प्रसिद्ध प्राचीन रूप ऑलस गेलिअस या रोमन लेखकाच्या नॉक्टेस अत्तिकी (म. शी. अतिक रात्री) या दुसऱ्या शतकातील संकीर्ण ग्रंथात आढळते. गेलिअसने ती आपिऑन या पहिल्या शतकातील ग्रीक-ईजिप्शियन विद्वानाच्या ईजिप्तविषयक ग्रंथातून घेतली. रोम येथील सर्कस मॅक्सिमस या क्रीडागारात हा प्रसंग आपण प्रत्यक्ष पाहिला, असे आपिऑनचे म्हणणे होते. आत्मप्रौढीबद्दल आपिऑनची ख्याती असल्यामुळे या साक्षीवर कितपत विश्वास ठेवावा, याबद्दल प्राचीन काळापासून शंका घेतली गेली आहे.

गेलिअसच्या कथेतील अँड्रोक्लस हा आफ्रिकेच्या रोमन प्रांताधिपतीचा गुलाम आहे. रोजच्या मारहाणीला कंटाळून तो वाळवंटात पळून जातो आणि उन्हापासून बचाव करण्यासाठी एका गुहेत शिरतो. थोड्याच वेळात रक्ताळलेल्या पायाने लंगडत एक सिंह तेथे येतो आणि पंजा उचलून त्याच्यापुढे धरतो. अँड्रोक्लस पंजात रुतलेली लाकडाची सल काढून जखमेतील पू पिळून टाकतो. पुढे तीन वर्षे दोघे एकाच गुहेत राहतात. सिंहाने आणलेल्या शिकारीचे मांस गुलाम दुपारच्या उन्हात भाजून खातो. अखेर या रानटी जीवनाचा वीट येऊन तो निघून जातो, सैनिकांच्या हाती सापडतो आणि त्याला रोममध्ये हिंस्र पशूंपुढे टाकण्याची शिक्षा होते. तोवर तो सिंहही पकडला जाऊन रोमला आलेला असतो. रिंगणात सिंह त्याला ओळखतो, शेपूट हलवत जवळ येतो आणि त्याचे हातपाय चाटू लागतो. सर्व हकिगत कळल्यावर लोकांच्या कौलाने गुलामाची सुटका होते व सिंह त्यालाच बक्षीस दिला जातो. त्यानंतर एका बारीक दोरीने बांधलेल्या सिंहाला घेऊन अँड्रोक्लस रोमच्या दुकानांतून हिंडत असे; लोक त्याला पैसे देत आणि सिंहावर फुले उधळीत, असे कथेच्या शेवटी म्हटले आहे.

या मूळ कथेत ख्रिस्ती धर्माचा कोठेही उल्लेख नाही. तिचा विषय आहे तो गुलामाचे दुःख आणि पशूची कृतज्ञता. इलिअन या लेखकानेही ती सांगितली आहे. सिंहाच्या पायातील काटा काढल्याच्या अशाच गोष्टी प्लिनीने इतर व्यक्तींच्या नावे नोंदविल्या असून, रिंगणात आपल्या जुन्या रक्षकाला ओळखून त्याचा बचाव करणाऱ्या सिंहाचा निर्देश सेनिकाने केला आहे. पुढे इसापच्या कथासंग्रहांतून गुलामाच्या ठिकाणी मेंढपाळ आला. मध्ययुगीन ख्रिस्ती परंपरेत जॉर्डनकाठच्या संत जेरासिमसच्या व त्यानंतर संत जेरोमच्या चरित्रात कृतज्ञ सिंहाची कथा शिरली. सोळाव्या शतकात फ्रेंच निबंधकार माँतेन याने पशूंच्या ठायीही उदात्त गुण असतात हे दाखविण्यासाठी गेलिअसची कथा विस्ताराने उद्धृत केली.

भारतीय कथावाङ्‌मयातही हे कथाबीज आढळते. पाली जातककथांतील अलीनचित्त जातकात (क्र. १५६) खैराच्या लाकडाची सल पायात घुसलेला एक हत्ती वाराणसीजवळील सुतारांकडे येतो. सुतार सल काढून त्याची जखम बरी करतात. हत्ती उपकाराची फेड म्हणून त्यांची लाकडे वाहतो आणि वार्धक्यात आपल्या जागी आपले पांढरे पिलू त्यांना आणून देतो. याउलट जवसकुण जातकात (क्र. ३०८) घशात हाड अडकलेल्या सिंहाला सुतारपक्षी वाचवतो, परंतु सिंह मात्र उपकार विसरतो. कृतज्ञता व कृतघ्नता या दोन्ही बाजू कथाकारांनी अशा प्रकारे एकाच साच्यातून दाखविल्या आहेत.

शॉचे नाटक : शॉने अँड्रोक्लीझ अँड द लायन हे नाटक १९१२ मध्ये लिहिले. त्याचा पहिला प्रयोग त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये बर्लिन येथे जर्मन अनुवादातून झाला. इंग्रजी प्रयोग १ सप्टेंबर १९१३ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये हार्ली ग्रॅनव्हिल-बार्कर याच्या दिग्दर्शनाखाली सादर झाला. ओ. पी. हेगी याने अँड्रोक्लीझची व लिला मॅकार्थी हिने लव्हिनियाची भूमिका केली होती. एक पूर्वरंग व दोन अंक असलेल्या या छोट्या नाटकाला शॉने ‘बोधकथा-नाटक’ असे म्हटले. १९१६ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला ख्रिस्ती धर्माच्या भवितव्याविषयीची प्रदीर्घ प्रस्तावना जोडलेली होती. ती मूळ नाटकाहूनही मोठी आहे.

शॉच्या नाटकाची पार्श्वभूमी समजण्यासाठी द साइन ऑफ द क्रॉस (म. शी. क्रुसाचे चिन्ह) हे विल्सन बॅरेटचे नाटक लक्षात घ्यावे लागते. १८९६ मध्ये लंडनला आलेल्या या अतिनाट्यात एक रोमन अधिकारी एका ख्रिस्ती मुलीवर अनुरक्त होतो आणि शेवटी तिच्याबरोबर सिंहापुढे जाण्यास सिद्ध होतो. निष्पाप हुतात्मे, विलासी रोमन आणि गर्जणारे सिंह यांचे हे मिश्रण प्रेक्षकांना अतिशय आवडले. शॉ त्यावेळी सॅटर्डे रिव्ह्यू या साप्ताहिकाचा नाट्यसमीक्षक होता व त्याने या नाटकावर उपरोधपूर्ण लेख लिहिला होता. सु. सोळा वर्षांनी त्याने त्याच साहित्यातून अगदी वेगळे नाटक रचले. त्याच्या नाटकातही रोमन अधिकारी आहे, ख्रिस्ती तरुणी आहे आणि सिंहही आहे. परंतु अधिकाऱ्याचे धर्मांतर होत नाही, तरुणी मरत नाही आणि सिंह नाचतो.

शॉचा अँड्रोक्लीझ हा गुलाम नसून ग्रीक शिंपी आहे. किरकोळ अंगाचा, भित्रा, प्राणिमात्रांवर दया करणारा हा ख्रिस्ती माणूस छळाच्या भीतीने आपल्या तोंडाळ बायकोसह जंगलातून पळत असतो. बायकोचे नाव मिजीरा. ग्रीक पुराणातील एका सूडदेवतेचे ते नाव आहे. वाटेत विव्हळणारा सिंह भेटतो. अँड्रोक्लीझ लहान मुलाशी बोलावे तसे लाडे लाडे बोलत त्याच्या पंजातील काटा काढतो आणि आनंदाच्या भरात दोघे गिरकी घेत नाचत जंगलात निघून जातात. आपल्याशी कित्येक वर्षांत न नाचलेला नवरा एका जनावराबरोबर नाचतो, याचाच मिजीराला अधिक संताप येतो.

पहिल्या अंकात ख्रिस्ती कैद्यांचा तांडा रोमच्या वेशीवर येतो. त्यात चार प्रकारची माणसे आहेत. उच्चकुलीन व बुद्धिमान लव्हिनिया; अचाट शक्तीचा, तापट आणि ‘दुसरा गाल पुढे करण्या’ची शिकवण पाळताना सतत स्वतःशीच झगडणारा लोहार फेरोव्हिअस; आयुष्यभर दुराचार करून हौतात्म्याने सर्व पापे धुऊन निघतील या हिशेबाने आलेला स्पिंथो; आणि अँड्रोक्लीझ. रोमन कप्तान लव्हिनियाला परोपरीने समजावतो. देवतेच्या वेदीवर चिमूटभर धूप टाकला की सुटका होईल. कोणाचा कशावर विश्वास आहे याच्याशी राज्याला कर्तव्य नाही, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे, असा त्याचा युक्तिवाद असतो. लव्हिनियाचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या भाषेत येत नाही. एखाद्या स्त्रीला उंदीर हातात धरण्यास सांगितले असता तिचा हात जसा आपोआप मागे येतो, तसाच आपला हात त्या धुपापासून मागे येतो, असे ती सांगते.

दुसरा अंक कलोसियममधील सम्राटाच्या आसनामागील जागेत घडतो. स्पिंथोचे धैर्य खचते. धूप टाकण्यासाठी पळत सुटलेला तो नेमका सिंहाच्याच तोंडी सापडतो. मृत्यू समोर दिसू लागल्यावर धर्मकथा आपल्याला स्वप्नासारख्या वाटू लागल्या, हे लव्हिनिया प्रांजळपणे कबूल करते. तरीही ती माघार घेत नाही. ज्यासाठी आपण मरणार ते नेमके काय हे सांगता येण्याइतके लहान असते, तर त्यासाठी मरण्यात अर्थ उरला नसता, अशी तिची धारणा आहे. फेरोव्हिअस रिंगणात उतरताच त्याचा मूळ स्वभाव उफाळून येतो आणि तो सहाच्या सहा ग्लॅडिएटरांना ठार करतो. धर्माच्या दृष्टीने हा त्याचा पराभव असतो. सम्राट मात्र एवढा खूष होतो की, तो ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवतो आणि फेरोव्हिअसला आपल्या अंगरक्षक दलात घेतो. तरीही प्रेक्षकांसाठी व सिंहासाठी एक माणूस हवाच असतो. तो मान अँड्रोक्लीझला मिळतो. सिंह त्याला ओळखतो आणि दोघे रिंगणाभोवती पुन्हा एकदा नाचतात. सिंहाला पाहून सम्राटाची तारांबळ उडते व तो अँड्रोक्लीझच्या आश्रयाला येतो. धोका टळताच मात्र सिंहाला आपणच माणसाळवल्याची प्रौढी तो मिरवू लागतो. शेवटी अँड्रोक्लीझ आपल्या मित्रासह मुक्तपणे निघून जातो. सिंह सोबत असेपर्यंत त्याला गुलाम करण्याची कोणाची छाती नसते.

नाटकाचा आशय : शॉच्या मते धर्मच्छळ हा सत्य व असत्य यांमधील झगडा क्वचितच असतो. प्रस्थापित व्यवस्थेला धोका वाटणाऱ्या मतांचा प्रसार दडपण्यासाठी राज्यकर्ते धर्माचा व सभ्यतेचा आधार घेतात. रोमन कप्तानाच्या जागी कोणत्याही काळातील सुसंस्कृत अधिकारी कल्पिता येतो. नाटकाच्या अखेरीस जोडलेल्या टिपणात शॉने हे स्पष्ट केले आहे. बर्लिनच्या प्रयोगातून जर्मन युवराज मध्येच उठून गेल्याची हकिगतही त्याने तेथे दिली असून, कप्तानाच्या तोंडी आलेले साम्राज्यशाहीचे स्पष्टीकरण त्याला सहन झाले नसावे, असा उपरोधिक तर्क केला आहे. पहिले महायुद्ध सुरू झाल्यानंतर फेरोव्हिअसच्या व्यक्तिरेखेला नवा अर्थ प्राप्त झाला. शांतीचा उपदेश करणारे अनेक धर्मोपदेशक युद्ध पेटताच युद्धदेवतेच्या सेवेत रुजू झाले; फेरोव्हिअसने निदान आपला देव बदलल्याचे मान्य केले, असे शॉला सुचवायचे होते.

नाटकातील चारही ख्रिस्ती व्यक्तींची श्रद्धा वेगवेगळी आहे, हे त्याचे विशेष लक्षणीय अंग होय. स्पिंथोच्या ठायी ती व्यवहार आहे, फेरोव्हिअसच्या ठायी स्वभावाविरुद्धचा संकल्प, लव्हिनियाच्या ठायी अद्याप प्रकट न झालेल्या ईश्वराचा शोध, तर अँड्रोक्लीझच्या ठायी ती निव्वळ भूतदया आहे. शॉ स्वतः शाकाहारी व प्राण्यांवरील वेदनादायक प्रयोगांचा कडवा विरोधक होता. सर्वांत हास्यास्पद दिसणारा अँड्रोक्लीझच सर्वांत निर्भय ठरतो, यात ही सहानुभूती दिसून येते. लंडनमधील काही धर्मनिष्ठ प्रेक्षकांना मात्र पवित्र विषयाची ही थट्टा रुचली नाही व प्रयोग सु. आठ आठवड्यांनी थांबले. १९१५ मध्ये बार्करने ते न्यूयॉर्कमध्ये सादर केले. १९३८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल थिएटर या शासकीय उपक्रमाच्या कृष्णवर्णीय नटसंचाने हार्लेममधील लाफायेट थिएटरमध्ये त्याचा प्रयोग केला. गुलामगिरीची स्मृती जिवंत असलेल्या वस्तीत बंधमुक्तीच्या या कथेला आपोआपच वेगळे परिमाण लाभले.

शॉ, पास्काल आणि चित्रपट : मूकपटात संवादांना स्थान नसल्यामुळे शॉने आपली नाटके मूकपटांसाठी देण्याचे टाळले. बोलपट आल्यावर हाउ ही लाइड टू हर हजबंड (१९३१) व आर्म्स अँड द मॅन (१९३२) हे चित्रपट निघाले. पण संवादात काटछाट करू न देण्याच्या त्याच्या आग्रहामुळे ते चित्रित केलेल्या नाट्यप्रयोगांसारखे झाले. ही कोंडी गेब्रिएल पास्काल या हंगेरियन निर्मात्याने फोडली. हाताशी फारसे भांडवल नसताना केवळ आपल्या उत्साहाने त्याने वृद्ध शॉचा विश्वास संपादन केला. त्याने निर्मिलेला पिग्मेलियन (१९३८) हा चित्रपट अतिशय यशस्वी ठरला. त्याच्या पटकथेबद्दल शॉला ऑस्कर पारितोषिकाचा वाटेकरी होण्याचा मान मिळाला. १९२५ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्याला त्यापूर्वीच मिळाले होते. त्यानंतर मेजर बार्बरा (१९४१) आणि सीझर अँड क्लिओपात्रा (१९४५) हे चित्रपट पास्कालने दिग्दर्शित केले. यांपैकी दुसऱ्या चित्रपटाचा खर्च इतका वाढला की, ब्रिटिश चित्रपटव्यवसायातील पास्कालचे स्थान डळमळीत झाले.

पास्कालचा भारताशीही संबंध होता. अहमदनगरजवळील (आताचे अहिल्यानगर) मेहेराबाद येथील मेहेरबाबांचा तो अनुयायी होता. महात्मा गांधींच्या जीवनावर चित्रपट काढण्याच्या दृष्टीने त्याने पंडित जवाहरलाल नेहरूंशी बोलणीही केली होती; परंतु १९५४ मध्ये त्याचे निधन झाल्यामुळे ती योजना पुरी झाली नाही. अँड्रोक्लीझ अँड द लायन हा त्याचा अखेरचा चित्रपट ठरला.

चित्रपटाची निर्मिती : शॉ नोव्हेंबर १९५० मध्ये मृत्यू पावला. त्यानंतर चित्रित झालेल्या या चित्रपटावर त्याची देखरेख असणे शक्य नव्हते. निर्मिती हॉलिवुडमध्ये, हॉवर्ड ह्यूझ या धनाढ्य उद्योगपतीच्या मालकीच्या आरकेओ या संस्थेत झाली. दिग्दर्शक अर्स्किन द एग अँड आय (१९४७) या विनोदी चित्रपटामुळे परिचित होता. छायालेखक स्ट्रॅडलिंगने १९३८ चा पिग्मेलियन चित्रित केला होता. जीन सिमन्सने सीझर अँड क्लिओपात्रा मध्ये छोटी भूमिका केली होती, तर रॉबर्ट न्यूटनने मेजर बार्बरा मधील दांडगट बिल वॉकर उभा केला होता. अशा प्रकारे पास्कालच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी काहीजण या चित्रपटात पुन्हा एकत्र आले. नायकाच्या भूमिकेसाठी मात्र नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील विनोदी नट ॲलन यंग याची निवड झाली. बोलणाऱ्या घोड्याच्या मिस्टर एड (१९६१–६६) या दूरचित्रवाणी मालिकेमुळे पुढे त्याला मोठी लोकप्रियता लाभली.

रूपांतराचे स्वरूप : चित्रपटाने नाटकाचा कथाक्रम आणि शॉचे बरेचसे संवाद कायम ठेवले आहेत. जंगलातील भेट, कैद्यांचा प्रवास, लेंट्युलस या छचोर दरबाऱ्याने फेरोव्हिअसची केलेली कुचेष्टा व नंतर त्याचीच उडालेली गाळण, स्पिंथोचा अंत आणि रिंगणातील नृत्य हे सर्व प्रसंग त्यात आहेत. नाटकात पडद्याआड घडणारे रिंगणातील व्यवहार चित्रपटाला दाखवता आले. प्रेक्षकांचा प्रचंड समुदाय, सैनिकांच्या रांगा व राजवैभव यांमुळे दृश्यांची भव्यता वाढली. परंतु त्याच प्रमाणात संवादांची धार बोथट झाली. शॉचे कैदी बोलून विजय मिळवतात. त्यांच्या मागे मोठे देखावे उभे राहिले की, प्रेक्षकाचे लक्ष युक्तिवादावरून देखाव्याकडे वळते.

सिंहाच्या बाबतीत ही अडचण अधिक स्पष्ट होते. रंगभूमीवरील सिंह हा कातडे पांघरलेला नट असतो आणि हे प्रेक्षकाला पहिल्या क्षणापासून माहीत असते. तो पंजा हलवून रडतो, लाजतो, रुसतो, नाचतो. प्रेक्षक हसतात ते त्याच्यातील माणूस ओळखूनच. माणूस आणि पशू यांतील अंतर पुसून टाकणारा अँड्रोक्लीझचा दृष्टिकोण प्रेक्षकाच्या गळी उतरतो, तो या बतावणीच्याच जोरावर. कॅमेऱ्याची प्रवृत्ती मात्र वस्तू जशी असेल तशी दाखवण्याची असते. चित्रपटात काही ठिकाणी शिकवलेला खरा सिंह, तर काही ठिकाणी सिंहाच्या वेषातील वुडी स्ट्रोड हा नट योजण्यात आला. खऱ्या सिंहामुळे भीतीची जाणीव निर्माण होते. तो नाचू लागताच ती भीती खोटी ठरते. त्यामुळे एकाच प्राण्याविषयी प्रेक्षकाला दोन विरोधी अपेक्षा ठेवाव्या लागतात आणि शॉला अभिप्रेत असलेला निर्भेळ बोधकथेचा भाव टिकत नाही.

दुसरा बदल कप्तान व लव्हिनिया यांच्या संबंधात आढळतो. नाटकात त्यांचे परस्परांविषयीचे आकर्षण वादविवादातून सूचित होते आणि शेवटी ते तसेच मोकळे सोडलेले आहे. चित्रपटाने त्याला प्रणयकथेचे रूप अधिक प्रमाणात दिले. याचा परिणाम विलक्षण झाला. रोमन अधिकारी व ख्रिस्ती तरुणी यांच्या ज्या ठराविक प्रेमकथेची शॉने खिल्ली उडवली होती, तिच्याच वळणावर त्याची कथा पुन्हा येऊन पोहोचली.

तत्कालीन चित्रपटसृष्टीची पार्श्वभूमीही याला पोषक होती. क्वो व्हाडिस (१९५१) या भव्य चित्रपटाने रोम, ख्रिस्ती हुतात्मे आणि सिंह यांची लोकप्रियता पुन्हा सिद्ध केली होती. द साइन ऑफ द क्रॉस वरही सेसिल बी. डी मिलने १९३२ मध्येच चित्रपट काढला होता. शॉच्या नाटकावरील चित्रपटात काम केलेले मॅच्युअर व जीन सिमन्स हे दोघेही १९५३ च्या द रोब या श्रद्धापूर्ण रोमनपटात पुन्हा एकत्र दिसले; पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून तो गाजला. थट्टा आणि थट्टेचा विषय अशा रीतीने एकाच पोशाखात, वर्षभराच्या अंतराने, प्रेक्षकांसमोर आले आणि प्रेक्षकांनी आपली पसंती दुसऱ्याला दिली.

कप्तानाचा युक्तिवाद १९५२ च्या अमेरिकेत अप्रस्तुत नव्हता. प्रतिनिधिगृहाच्या चौकशी-समितीपुढे १९४७ पासून चित्रपटव्यावसायिकांच्या राजकीय मतांची तपासणी चालू होती. समितीला उत्तरे देण्याचे नाकारणाऱ्या दहाजणांना तुरुंगवास घडला. त्यांपैकी एड्रियन स्कॉट व एडवर्ड डिमिट्रिक या दोघांना आरकेओनेच १९४७ मध्ये कामावरून दूर केले होते. ‘एवढी एक औपचारिक गोष्ट करा आणि सुटा’ हा कप्तानाचा सल्ला अशा वातावरणात कानावर पडत होता. चित्रपटकर्त्यांचा तसा हेतू होता असे म्हणण्यास आधार नाही. तथापि छळणाऱ्याला बळी पडणाऱ्याचा द्वेष करण्याची गरजच नसते, हे शॉचे निरीक्षण किती व्यापक आहे, याची या योगायोगावरून कल्पना येते.

मूल्यमापन : चित्रपटाचे स्वागत थंडपणाने झाले आणि व्यावसायिक दृष्ट्याही तो यशस्वी ठरला नाही. पिग्मेलियन शी तुलना करता त्याच्या अपयशाचे कारण स्पष्ट होते. तेथेही मूळ आधार प्राचीन कथेचाच होता. आपण घडवलेल्या पुतळीवर मोहित होणाऱ्या शिल्पकाराची कथा रोमन कवी ऑव्हिडने सांगितली आहे. परंतु शॉने ती कथा समकालीन लंडनच्या रस्त्यांवर व दिवाणखान्यांत आणून सोडली. कॅमेऱ्याला ते जग सहज टिपता आले. त्याच नाटकावरून माय फेअर लेडी ही संगीतिका (१९५६) व तिच्यावरील चित्रपट (१९६४) निर्माण झाले. त्या चित्रपटाच्या छायालेखनाबद्दल स्ट्रॅडलिंगला ऑस्कर पारितोषिक मिळाले. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ती फुलराणी (१९७५) या नाटकाद्वारे ती कथा मुंबईच्या वातावरणात व मराठी बोलींच्या भेदांत मुरवली. अँड्रोक्लीझची कथा मात्र सिंहासह येते आणि सिंहाला कोणत्याही शहरात घर मिळत नाही. ती कथा म्हणूनच सांगावी लागते.

या मर्यादा लक्षात घेऊनही चित्रपटातील काही अंग उल्लेखनीय आहेत. मॉरिस एव्हान्झ हा शेक्सपिअरच्या नाटकांतील भूमिकांसाठी विख्यात असलेला नट. त्याचा सुखासीन व लहरी सीझर शॉच्या उपरोधाशी सुसंगत आहे. न्यूटनचा फेरोव्हिअस राग गिळण्याच्या धडपडीत एकाच वेळी हास्यास्पद व करुण भासतो. जीन सिमन्सने लव्हिनियाची बुद्धिमत्ता आणि तिचा शांत निश्चय यांना न्याय दिला आहे.

नंतरची रूपांतरे : १९६४ मध्ये ऑरंड हॅरिस या अमेरिकन नाटककाराने मूळ कथेवरून स्वतंत्र बालनाट्य लिहिले. इटलीतील कोमेद्दिया देल्लार्ते या मुखवट्यांच्या पारंपरिक नाट्यप्रकाराचा त्यात अवलंब केला असून अँड्रोक्लीझ पुन्हा गुलाम झाला आहे. शाळा व बालरंगभूमी यांवर ते अतिशय लोकप्रिय झाले. शॉच्या नाटकावर आधारलेली, रिचर्ड रॉजर्झचे संगीत असलेली दूरचित्रवाणी संगीतिका नोव्हेंबर १९६७ मध्ये अमेरिकेत सादर झाली. तीत नॉएल कवर्डने सीझरची, नॉर्मन विझ्डमने अँड्रोक्लीझची, तर जेफ्री होल्डर या नर्तकाने सिंहाची भूमिका केली. या दोन्ही कृतींत सिंहाचे काम उघडपणे माणसाकडे देण्यात आले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. इंग्रजीच्या अनियमित वर्णलेखनाला पर्याय म्हणून नवी लिपी तयार व्हावी, अशी तरतूद शॉने आपल्या मृत्युपत्रात केली होती. त्या लिपीत, म्हणजे शेव्हियन लिपीत, १९६२ मध्ये छापण्यात आलेले नाटक हेच होय.

गेलिअसच्या ग्रंथातील गुलामापासून दूरचित्रवाणीवरील शिंप्यापर्यंत या कथेची पात्रे, धर्म व परिसर वारंवार बदलले. ज्याला सर्वजण भितात त्याच्या वेदनेकडे एका भित्र्या माणसाने भीती बाजूला सारून पाहिले, हा तिचा गाभा मात्र सर्वत्र टिकून आहे. पास्काल-अर्स्किन यांच्या चित्रपटात हा गाभा देखाव्यांच्या भाराखाली काहीसा झाकला गेला. तथापि शॉच्या हयातीनंतर त्याचा विनोद पडद्यावर आणण्याचा आरंभीचा प्रयत्न आणि पास्कालच्या कारकीर्दीचा शेवट म्हणून शॉच्या नाटकांवरील चित्रपटांच्या इतिहासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.